फुलाचे फोटो सुंदर येतात, पण त्यांतून 'फाइन आर्ट' का होत नाही?

प्रश्न असा होता: "तीन वर्षं फुलांचे फोटो काढतोय. मॅक्रो लेन्स (अगदी जवळून मोठं चित्र घेणारी) घेतली, काळी मखमल घेतली, पाकळ्यांवर पाण्याची फवारणी करतो. बघणारे 'वा, सुंदर' म्हणतात. पण दोन प्रदर्शनांना पाठवलेले फोटो नाकारले गेले, आणि खरं सांगायचं तर मला स्वतःलाही ते सकाळी फोनवर येणाऱ्या शुभेच्छांच्या चित्रांसारखेच दिसतात. ब्लॅक अँड व्हाइट करून बघू का? की आणखी चांगली लेन्स लागेल? फाइन आर्ट म्हणजे नेमकं काय हवं असतं?"

प्रदर्शनांचं आधी सांगते. निवड कोण करतं, विषय काय दिलाय, भिंत किती मोठी आहे, यावर बरंच अवलंबून असतं. माझी एकच मालिका एका ठिकाणी नाकारली गेली आणि वर्षभरात दुसरीकडे पूर्ण भिंतीवर लागली, त्यातला एकही फोटो मी मधल्या काळात बदलला नव्हता. त्यामुळे त्या दोन नकारांवरून स्वतःला जोखू नका. मात्र "मला स्वतःलाही" हे जे तुम्ही लिहिलंय, ते महत्त्वाचं आहे. ते तुम्हाला दिसतंय म्हणूनच पुढचं सगळं सांगण्यात अर्थ आहे.

तुमची अडचण मला अशी दिसते. फूल मुळातच सुंदर असतं, त्यामुळे फोटोतलं बरंचसं काम तेच करून टाकतं. बघणारा "वा" म्हणतो तो गुलाबाला. गुलाबाकडे बघताना तुम्हाला काय दिसलं, हे त्या फोटोत कुठे आलेलंच नसतं. शिवाय तीन वर्षांत तुम्ही, माझा अंदाज आहे, साठ-सत्तर वेगवेगळी फुलं काढली असतील. आज डेलिया, उद्या जास्वंद, परवा बाजारातून आणलेलं ऑर्किड. प्रत्येकाशी ती पहिलीच भेट, आणि पहिल्या भेटीत माणूस फक्त रूप बघतो. म्हणून लेन्सच्या आधी माझा सल्ला हा: एक झाड निवडा आणि निदान एक पूर्ण हंगाम त्याच्यापासून हलू नका.

माझ्यासाठी ते झाड केळीचं होतं. चिपळूणजवळच्या आमच्या घराच्या परसात न्हाणीघराच्या सांडपाण्यावर वाढलेली सात-आठ केळींची राई आहे. मी तिथे वर्षानुवर्षं वावरले, पण केळफुलाकडे बघितलं ते भाजीसाठी निवडतानाच. हाताला तेल लावायचं, नाहीतर चिकाने बोटं काळी होतात. एकेक साल उघडायची, आतली फुलांची फणी काढायची, प्रत्येक फुलातली ताठ काडी आणि पारदर्शक पापुद्रा काढून टाकायचा, चिरून ताकात बुडवून ठेवायचं. हे काम करणारी बाई केळफूल जेवढं ओळखते तेवढं कुठलाही फोटोग्राफर ओळखत नाही, असं मला आजही वाटतं. मी कॅमेरा लावला तेव्हा ती ओळखच कामाला आली.

पहिल्या दोन-तीन महिन्यांतले माझे फोटो तुमच्यासारखेच होते: मरून रंगाची, चकचकीत, थेंब पडलेली केळफुलं. मग हळूहळू लक्षात यायला लागलं की बाहेरच्या सालीवर निळसर-पांढरा मेणाचा थर असतो आणि बोट लागलं की तो पुसला जातो. म्हणजे मी हाताळलेलं प्रत्येक केळफूल माझ्या बोटांचे ठसे घेऊन कॅमेऱ्यासमोर बसत होतं, आणि ती 'चमक' मीच घासून आणलेली होती. त्यानंतर मी देठाला धरूनच फूल कापायला आणि टांगायला लागले. झाडावर रोज साधारण एखादी साल उचलली जाते, मागे वळते, तिची आतली लालबुंद बाजू दिसते, मग ती सुकून गळते. ती वळण्याची रेषा दर वेळी वेगळी असते. पंधराएक दिवस रोज सकाळी एकाच जागेवरून ती काढल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की आता मी केळफुलाचा फोटो काढत नाहीये, एका उलगडण्याचा काढतेय.

दुसऱ्या वर्षी मी केळफूल उभं चिरलं. आत गर्द मरूनपासून फिक्या गुलाबीपर्यंत आणि मधोमध साय असावी तशा पांढऱ्यापर्यंत थरांवर थर असतात. पण कापलेली बाजू काही मिनिटांत तपकिरी व्हायला लागते. स्वयंपाकघरातला उपाय मला माहीत होता, म्हणून लिंबाचं पाणी लावलं, मलमलच्या फडक्याने टिपलं, घाईघाईत फोटो काढले. चांगले आले. तरी मी पुन्हा पुन्हा बघत होते ते मात्र फोटो संपल्यावर ताटात राहिलेल्या, काळ्या पडत चाललेल्या अर्ध्या केळफुलाकडे. शेवटी एकदा काहीही न लावता ते खिडकीत ठेवलं आणि तीन तास दर दहा मिनिटांनी एक फोटो घेतला. माझ्या आजवरच्या कामात सगळ्यात जास्त वेळ लोक उभे राहिले ते त्या अठरा फोटोंसमोर.

हे एवढं सविस्तर सांगितलं कारण 'फाइन आर्ट म्हणजे काय' याचं माझ्याकडे याहून नेमकं उत्तर नाही. मी कशाकडे बघत होते हे मला कळलं आणि मग प्रकाश, पार्श्वभूमी, रंग, छपाई हे सगळे निर्णय त्या एका गोष्टीसाठी घेता आले. तुमची गोष्ट वेगळी असेल. कुणाला आकार खुणावतो, कुणाला कोमेजणं, कुणाला देवघरात वाहिलेल्या फुलाचं दुसऱ्या दिवशीचं निर्माल्य.

आधीच्या लोकांकडे बघितलं तरी हेच दिसतं. कार्ल ब्लॉसफेल्ट हे जर्मन शिक्षक (1865–1932) बर्लिनच्या कला-उद्योग शाळेत शिकवायचे. विद्यार्थ्यांना नक्षीचे नमुने दाखवता यावेत म्हणून त्यांनी तीसेक वर्षं स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्याने देठ, कोंब, शेंगा, नेच्याची गुंडाळलेली टोकं काढली. साधी पार्श्वभूमी, मऊ प्रकाश, आणि काही वेळा तीसपट मोठं केलेलं चित्र. नेच्याचं टोक तेवढं मोठं झालं की लोखंडी जाळीच्या नक्षीसारखं दिसतं, आणि त्यांना तेच दाखवायचं होतं. आपल्याकडे पेशवेकालीन वाड्यांत सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडाच्या आकाराच्या, खांबांवर लाकडात कोरलेलं केळफूल असतं. त्या सुताराने केळफुलाकडे किती वेळ बघितलं असेल, हा विचार माझ्या डोक्यात या कामात सतत होता. अमेरिकन फोटोग्राफर इमोजेन कनिंगहॅम कॅलिफोर्नियात तीन लहान मुलं सांभाळत घराच्या आसपासची झाडं काढायची. 1925 चं तिचं मॅग्नोलियाचं फूल शोधून बघा. चौकटभर पाकळ्या आणि मधोमध गाभा, बाकी काही नाही. एडवर्ड वेस्टन या अमेरिकन फोटोग्राफरने 1930 मध्ये एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून काढली, नरसाळ्याच्या आतल्या बाजूने परावर्तित झालेला प्रकाश तिच्यावर चहूबाजूंनी पडावा म्हणून. त्याआधी तो कितीतरी मिरच्या काढत होता. त्या चित्राच्या नावातच तिसावा क्रमांक आहे.

आता तुमच्या ठोस प्रश्नांकडे येते.

काळी मखमल सध्या बाजूला ठेवा. काळ्यावर कुठलंही फूल उठून दिसतं, म्हणूनच सगळे फोटो एकसारखे दिसायला लागतात. गडद फुलांचं तर नुकसानच होतं, कडा पार्श्वभूमीत बुडून जातात. माझ्या केळफुलाला मी शाळेच्या जुन्या पाटीचा करडा रंग दिला आणि चिरलेल्या फुलांना चहाच्या पाण्यात बुडवून सुकवलेलं जुनं धोतर. रंग असा निवडा की फुलाची सर्वांत गडद कडाही त्यावर दिसेल आणि सर्वांत उजळ कडाही. खरंच काळोख हवा असेल तर तो अंतराने मिळवा. खिडकीची झडप जवळजवळ लावून फूटभर फट ठेवा, फूल फटीपासून दोन फुटांवर आणि मागची भिंत आठ फुटांवर. अंतर चौपट झालं की भिंतीवर साधारण सोळाव्या हिश्श्याइतकाच प्रकाश पोचतो. असा काळोख खऱ्या खोलीतला असतो, त्याला खोलपणा असतो. मखमलीचा काळोख चिकटवल्यासारखा दिसतो.

परदेशी व्हिडिओंमध्ये 'उत्तरेची खिडकी' सांगतात, कारण तिच्यातून थेट ऊन येत नाही. ती आपल्याकडेही उत्तम, पण आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. कोकणात साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलै अखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर तो चांगलाच उत्तरेकडून येतो. त्या दिवसांत काचेला ट्रेसिंग पेपर लावा. पावसाळ्यात ढगच ते काम करतात, आणि माझ्या मते आपल्याकडे झाडं काढायला श्रावणातल्या दुपारइतका चांगला प्रकाश वर्षभरात दुसरा नाही. सावलीच्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरून बघा, मग काढून बघा, मग तिथे काळा पुठ्ठा धरा. एकाच फुलाचे हे तीन फोटो शेजारी ठेवले की प्रकाशाबद्दल जे कळतं ते वाचून कळत नाही.

पाण्याची फवारणी कृपा करून सोडून द्या. थेंब हा चौकटीतला सगळ्यात चमकदार आणि सगळ्यात रेखीव ठिपका असतो, डोळा थेट तिथे जातो आणि फूल त्याची पार्श्वभूमी होऊन बसतं. खरं दव पडलेलं असेल आणि ते दवच तुमचा विषय असेल तर गोष्ट वेगळी.

ब्लॅक अँड व्हाइट हा उपाय म्हणून करू नका. कमकुवत फोटो करडा केल्याने गंभीर दिसतो, चांगला होत नाही. शिवाय त्याची एक अडचण फुलांतच जास्त जाणवते: लाल जास्वंद आणि तिची हिरवी पानं डोळ्यांना इतकी वेगळी, पण त्यांचा उजेड जवळपास सारखा असतो. सरसकट करडं केलं की दोन्ही एकमेकांत मिसळतात. रूपांतर करताना लाल वर नेला तर फूल कागदासारखं उजळ होतं, हिरवा वर नेला तर पानं उजळतात आणि फूल काळवंडतं. यातलं कुठलं बरोबर, हे तुम्हाला त्या फुलाबद्दल काय म्हणायचंय त्यावर ठरतं. मी सालींच्या वळणांची मालिका ब्लॅक अँड व्हाइट केली, कारण तिथे मरून रंग रेषेपेक्षा जास्त बोलत होता. चिरलेल्या फुलाची रंगीत ठेवली, कारण तिथे रंग बदलणं हीच घटना होती.

रंगीत काढताना लाल आणि जांभळ्या फुलांबाबत सावध राहा. जास्वंदीचा लाल कॅमेऱ्यात फार लवकर भरून जातो. एकत्रित हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) सगळं ठीक असल्याचं दाखवतो आणि लाल वाहिनी मात्र टोकाला आपटलेली असते, म्हणून पाकळीच्या शिरा जाऊन सपाट लाल ठिगळ उरतं. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा, एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा. मोगरा, अनंत, निशिगंध यांचं उलटं. चौकट पांढऱ्याने भरली असेल तर कॅमेरा त्यांना करडं करतो, तिथे थोडं वाढवावं लागतं, पण पाकळीचा पोत जाईल इतकं नाही. पांढऱ्या फुलाला प्रकाश बाजूने द्या. समोरून दिला तर ते कापून चिकटवलेल्या कागदासारखं दिसतं.

लेन्सबद्दल. तुमच्याकडची मॅक्रो पुरेशी आहे, नवी घेऊ नका. फुलाइतकंच मोठं चित्र सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागावर, पडतं तेव्हा, म्हणजे एकास एक मोठेपणात, मोठ्या सेन्सरच्या 'फुल फ्रेम' कॅमेऱ्यावर एफ 11 ला (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, तो जितका मोठा तितकं छिद्र लहान) जेमतेम सव्वा मिलिमीटर खोलीपर्यंत फोकस मिळतो. मोठेपणा निम्मा केला तर तोच साधारण चार मिलिमीटर होतो. म्हणजे थोडं मागे सरकणं हा छिद्र बंद करत जाण्यापेक्षा सोपा उपाय आहे. एफ 22, एफ 32 पर्यंत गेलात तर विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच मऊ पडतं. फोकस सरकवत पंधरा-वीस फोटो घेऊन ते एकत्र जोडायची पद्धत आहे आणि मी चिरलेल्या केळफुलासाठी ती वापरते. पण ज्याला आपण घरोघरी ब्रह्मकमळ म्हणतो ते निवडुंगाच्या जातीचं फूल रात्री उमलत असताना ही पद्धत चालत नाही. पहिल्या आणि शेवटच्या फोटोत पाकळी हललेली असते. आणि सगळं रेखीव हवंच असं कुठे आहे? फोकस कुठे ठेवायचा आणि कुठे सोडायचा, हा या कामातला सर्वांत मोठा निर्णय आहे. तो यंत्रावर सोपवू नका.

साधनांमध्ये खर्च करायचाच असेल तर जड ट्रायपॉडवर करा. खिडकीच्या प्रकाशात अर्धा-एक सेकंदाचं एक्स्पोजर सहज लागतं. पंखा बंद ठेवा. माडीवर काम करत असाल तर त्या वेळी कुणी चालू नये, लाकडी तक्तपोशी हलते आणि लांब देठाचं फूल तर कितीतरी वेळ डोलत राहतं.

लेन्सच्या चिंतेत असणाऱ्यांना मी एक गोष्ट नेहमी सांगते. ॲना ॲटकिन्स या इंग्लिश वनस्पती-अभ्यासक बाईने 1843 पासून समुद्रशेवाळाची चित्रं कॅमेऱ्याशिवाय केली. शेवाळ थेट संवेदनशील कागदावर ठेवलं, उन्हात धरलं, पाण्याने धुतलं. ही सायनोटाइपची पद्धत जॉन हर्शेल या इंग्लिश शास्त्रज्ञाने आदल्याच वर्षी शोधली होती. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड ही दोन रसायनं, जाड कागद, काचेचा तुकडा आणि आपलं ऊन, एवढ्यावर आजही घरी करता येते. हातमोजे घाला आणि भांडी स्वयंपाकाची वापरू नका. महिनाभर हे केलंत तर पानाचा आकार, त्याच्या कडा आणि पातळपणा यांच्याकडे तुमची नजर वेगळी होईल, आणि मग मॅक्रो लेन्सही वेगळी चालेल.

कास पठारावर जाऊन काढू का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण सप्टेंबर आला की बरेच जण विचारतात. कास सुंदरच आहे, 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. पण तुमच्या आत्ताच्या प्रश्नाला ते उत्तर नाही. तिथे तेरडा, गेंद, सीतेची आसवं यांचे गालिचे बघताना पुन्हा सगळं काम फुलंच करतात. आणि आडवं पडून एक फूल काढताना आपल्या अंगाखाली पन्नास चिरडली जातात, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि फार वाईट वाटलं. गेलात तर वाट सोडू नका, लांब लेन्स वापरा. कारवी तर सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, तिची एक फांदी मोडण्याइतकी निकड कुठल्याही फोटोची नसते.

छपाई करा. मी हे शेवटी लिहितेय, पण तुम्ही ते लवकर सुरू करा. माझ्या पहिल्या मोठ्या प्रिंट एका लॅबकडून आल्या तेव्हा सालींच्या सावल्या पूर्ण बुजल्या होत्या. लॅबने तपासणीची छोटी प्रिंट न काढता थेट मोठ्या काढल्या होत्या, आणि माझा मॉनिटरही भलताच उजळ होता. तेव्हापासून मॉनिटरचा उजेड शंभर कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास ठेवते आणि आधी हातभर पट्टी छापून दिवसाच्या उजेडात बघते. मेणाच्या थरासाठी मला मॅट कॉटन कागद आवडतो. त्यात काळा तितका खोल येत नाही, पण सालीचा कोरडेपणा येतो. खोल काळोखाची चित्रं असतील तर बरायटा कागद (बेरियम सल्फेटचा थर असलेला, किंचित चकाकणारा) घ्या. आकारही विचार करून ठरवा. केळफूल खरं असतं तेवढंच छापलं की माणूस त्याला ओळखतो, चौपट केलं की तो क्षणभर ओळखत नाही आणि जवळ येतो. मी दोन्ही करून बघितलं आणि मालिका खऱ्या आकारातच ठेवली. विक्री करायची वेळ आली तर आवृत्ती किती प्रतींची ते आधी ठरवा, प्रतीवर क्रमांक आणि सही करा, आणि तो आकडा नंतर कधीही वाढवू नका.

आत्तापुरतं इतकं करा. दाराशी, गच्चीवर किंवा शेजारच्या कुंडीत जे झाड रोज भेटतं ते निवडा. कर्दळ असेल, गोकर्ण असेल, साधी सदाफुली असेल. कळीपासून शेंग सुकेपर्यंत रोज एकच फोटो, एकाच खिडकीत किंवा एकाच वेळेला. महिन्याने त्यातले वीस फोटो पोस्टकार्डाएवढे छापून भिंतीवर लावा आणि जाता-येता बघा. आठवड्याने कुठल्या दोन-तीन चित्रांपाशी तुम्ही थांबताय ते लिहून ठेवा. पुढचा महिना फक्त त्या दोन-तीन चित्रांच्या मागे लागायचं. तेव्हा काय दिसलं ते मला जरूर लिहा, फोटोंसकट.